व्यासपीठावर वाचक: सांगलीतील एका विज्ञानकथा मेळाव्याचे प्रकरण

सांगलीत विज्ञानकथा वाचणाऱ्यांचा एक छोटा गट आहे. या गटाने सलग दोन वर्षे एक दिवसाचा मेळावा भरवला. पहिल्या वर्षी परिसंवाद फसले. दुसऱ्या वर्षी त्यांची रचना मुळापासून बदलली, आणि त्याच वर्षी एका परिसंवादात असा प्रसंग उभा राहिला ज्याची तयारी कोणीच केलेली नव्हती. दुसऱ्या वर्षीच्या आखणीच्या बैठकांना मी हजर असायचो, त्यामुळे कोणता निर्णय कशातून झाला ते जवळून पाहता आले. गटाच्या संमतीने हे लिहितो आहे. माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

विज्ञानकथेच्या वाचकांनी आपले आपण एकत्र जमायचे, ही रीत जुनी आहे. पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन १९३९ साली न्यूयॉर्कला भरले. ते भरवले वाचकांनी. आजही त्या संमेलनाचा सगळा व्याप स्वयंसेवक सांभाळतात. येणारा माणूस सभासद म्हणून येतो आणि १९५३ साली सुरू झालेल्या ह्यूगो पुरस्कारांसाठी मत देतो. दिवसभर वेगवेगळ्या दालनांत पॅनेल चालू असतात. साधारण तासाभराचा वेळ, समोर चार-पाच माणसे आणि त्यांतला एक जण चर्चा चालवणारा. पॅनेलवर नावाजलेल्या लेखकाच्या शेजारी एखादा वाचकही बसलेला असतो, आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही.

मराठीत विज्ञानकथा वाढली ती निराळ्या वाटेने. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिच्या कथास्पर्धेतून लेखक पुढे आले. जयंत नारळीकरांनी १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा त्या स्पर्धेला पाठवली, तीही ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी फिरवली होती. कथेला पहिले बक्षीस मिळाले. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांनी ही परंपरा भक्कम केली. २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले, तेव्हा या प्रकाराला मानाचे पानही मिळाले. इतके होऊनही वाचकांनी वाचकांसाठी भरवलेले मेळावे आपल्याकडे फारसे दिसत नाहीत.

सांगलीच्या गटाला नेमके तेच करायचे होते. गटात अभियांत्रिकीची मुले-मुली होती, दोन शाळाशिक्षिका होत्या, हळदीच्या पेढीवर हिशेब बघणारे एक गृहस्थ होते आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता होते. महिन्यातून एकदा जमायचे आणि एका कथेवर मनसोक्त भांडायचे, असा त्यांचा क्रम. त्या भांडणाची गोडी लागली म्हणूनच मेळाव्याची कल्पना निघाली.

अडचण

विश्रामबाग भागातल्या एका महाविद्यालयाचे सभागृह मिळाले. पहिल्या वर्षी चार परिसंवाद ठेवले होते. पहिल्याचा विषय होता ‘विज्ञानकथा: काल, आज आणि उद्या’. व्यासपीठावर अध्यक्ष धरून सहा जण. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, प्रत्येकाचा परिचय, शाल-श्रीफळ, आणि मग एकेक वक्ता उभा राहून बोलू लागला. दहा मिनिटे ठरली होती, पण कोणीच दहात थांबले नाही. तीन वक्त्यांनी विज्ञानकथेचा इतिहास सुरुवातीपासून सांगितला, आणि तिघांनीही तोच सांगितला. अध्यक्षांनी समारोप केला तोवर जेवणाची वेळ टळून गेली होती. प्रश्नोत्तरे रद्द झाली. दुपारच्या सत्राला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

वक्ते वाईट होते असे मुळीच नाही. त्यांतले दोघे तर महिन्याच्या बैठकीत ऐकत राहावे असे बोलणारे. तीच माणसे व्यासपीठावर गेली की भाषण का करू लागतात, हा खरा प्रश्न होता.

माझ्या मते याचे मूळ आपल्या सवयीत आहे. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या व्याख्यानमालांनी श्रोत्यांच्या पिढ्या घडवल्या आणि ते काम फार मोलाचे आहे. पण त्यातून सभागृहाचा एक साचाही पक्का झाला: बोलणारा उभा, ऐकणारे खाली बसलेले, वक्त्याला मध्ये तोडणे म्हणजे त्याचा अपमान. परिसंवादाला बोलावलेला माणूस मग घरून भाषण तयार करून आणतो. तयारी न करता जाणे त्याला उद्धटपणाचे वाटते. आपल्याला दुसऱ्याच्या बोलण्याला उत्तर द्यायचे आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

पर्याय

दुसऱ्या वर्षीच्या पहिल्याच बैठकीत तीन मते पडली. एक मत असे की परिसंवाद बंदच करावेत आणि दोन चांगली व्याख्याने ठेवावीत. यात पदरी निराशा येण्याचा धोका सगळ्यांत कमी होता. दुसरे मत हळदीच्या पेढीवरच्या हिशेबनीस काकांचे, म्हणजे गटातल्या हळद-काकांचे. रचना तीच राहू द्या, फक्त घंटा वाजवणारा कडक माणूस नेमा. तिसरे मत त्या दोन शिक्षिकांचे. महिन्याची बैठक जशी चालते तशीच ती चार माणसे लोकांसमोर बसवा, बाकी सगळे काढून टाका.

घंटेचा पर्याय बराच वेळ चर्चेत राहिला, कारण तो सोपा होता. त्याच्यावर एका विद्यार्थिनीने घेतलेला आक्षेप मला निर्णायक वाटतो. घंटेमुळे भाषण आखूड होईल, पण ते भाषणच राहील, असे तिने सांगितले. चारही वक्ते वेळेत बोलून खाली बसले तरी एकाचे दुसऱ्याशी बोलणे होणारच नव्हते. व्याख्यानांचा पर्याय प्रामाणिक होता. पण व्याख्याने सांगलीत होतातच, त्यासाठी या गटाची गरज नव्हती. शेवटी तिसरे मत मान्य झाले. हळद-काका शेवटपर्यंत साशंक होते आणि त्यांची ती शंका पुढे फार उपयोगी पडली. प्रत्येक बदलाला ‘का’ विचारणारा एक माणूस सतत समोर होता.

काय केले

अध्यक्ष काढला. बोलण्यासाठी उभे राहायचा स्टँड काढला. व्यासपीठावर अर्धवर्तुळात खुर्च्या मांडल्या, म्हणजे बोलणाऱ्यांना एकमेकांचे चेहरे दिसतील. माणसे चारच, आणि त्यांतली निदान दोन अशी की ज्यांनी एकही कथा लिहिलेली नाही, फक्त वाचल्या आहेत. सत्कार दिवसाच्या अखेरीस, सगळ्यांचे एकदम, शालीऐवजी पुस्तक देऊन.

विषय प्रश्नाच्या रूपात मांडायचे ठरले, आणि प्रश्न असा की ज्याला ‘हो’ म्हणणारा एक तरी आणि ‘नाही’ म्हणणारा एक तरी त्या चौघांत आहे. ‘विज्ञानकथा आणि समाज’ या विषयावर कोणीही काहीही बोलू शकतो. ‘यंत्राने लिहिलेली कथा दिवाळी अंकात छापावी का?’ या प्रश्नावर मात्र बाजू घ्यावीच लागते.

परिचयाचा मुद्दा नाजूक होता. नावाआधी पदव्या आणि नावानंतर पदे वाचली की श्रोते त्या क्रमाने माणसांना मान देतात, आणि शेवटच्या खुर्चीवरची मुलगी गप्प बसते. इथे ‘नारायण विनायक जगताप’ कामाला आले. कथा आपल्या नावावर नव्हे, स्वतःच्या बळावर तोलली जावी एवढ्यासाठी इतक्या मोठ्या शास्त्रज्ञाने टोपणनाव घेतले असेल, तर आपण तासभर पदव्या बाजूला ठेवू शकतो, हे ज्येष्ठांना पटले. परिचयात प्रत्येकाची एकच गोष्ट सांगायची ठरली: त्याने अलीकडे वाचलेली आणि त्याला न पटलेली कथा. हा बदल मला सगळ्यांत आवडतो. त्यात पहिल्याच मिनिटाला प्रत्येक माणूस वाचक म्हणून समोर येतो, आणि मतभेदाची परवानगीही त्यातच मिळते.

सगळ्यांत जास्त कष्ट पडले ते आधीच्या फोनांना. चर्चा चालवणाऱ्याने चौघांशी स्वतंत्र बोलायचे आणि मग सगळ्यांचा एकत्र फोन लावायचा. त्या फोनवर विचारायचा मुख्य प्रश्न असा: बाकीच्या तिघांशी तुमचे कुठे पटणार नाही? सुरुवातीचे निवेदन कोणीच करायचे नाही, पहिला प्रश्न थेट कोणा एकाला जाईल, हेही तिथेच सांगायचे. हा एकत्र फोन म्हणजे नाटकाच्या वाचनाच्या तालमीसारखा. तो झाला की माणसे एकमेकांना ओळखू लागतात आणि घरून भाषण आणत नाहीत.

प्रेक्षकांच्या प्रश्नांवर एकमत झाले नाही. माइक फिरवला की तीन-चार जण प्रश्न न विचारता आपलेच भाषण देतात, हा अनुभव ताजा होता. चिठ्ठ्या घेतल्या तर बोलण्यातली ऊब जाते, असे काहींचे म्हणणे. बहुमताने चिठ्ठ्या ठरल्या.

निर्णयाचा पहिला अवघड टप्पा

पत्रिका छापायला जायच्या बेतात असताना शहरातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांचा निरोप आला. सभागृह मिळाले ते त्यांच्याच शब्दामुळे. यंदाचा एक परिसंवाद कृष्णेच्या पुरावर होता, आणि त्याचे अध्यक्षपद आपल्याकडे असावे, अशी त्यांची अपेक्षा होती. नकार दिला तर पुढच्या वर्षीचे सभागृह जाण्याची भीती, होकार दिला तर सगळी नवी रचना पहिल्याच घासाला मोडणार.

दोन तरुणांचे म्हणणे होते की स्पष्ट नकार द्यावा. गटातल्या ज्येष्ठ शिक्षिकेने तो टाळला आणि स्वतः त्यांच्या घरी गेल्या. “आप्पा, तुम्ही दोन हजार पाचचा पूर पाहिलाय, एकोणीसचा पाहिलाय. परिसंवादाआधी दहा मिनिटं तुम्ही एकट्यांनीच बोला, लोकांना ते ऐकायचंय,” असे त्यांनी सांगितले. आप्पा बोलले, आणि उत्तम बोलले. मग खाली उतरून पहिल्या रांगेत बसले. माणसाचा मान राखून रचना वाचवण्याची ही रीत मला या प्रकरणातली सर्वांत शहाणपणाची वाटते. आप्पांकडे खरोखर सांगण्याजोगे होते म्हणूनच ती साधली. त्यांना नुसता मान हवा असता तर दहा मिनिटांचे काय झाले असते कोण जाणे.

पुराचा परिसंवाद

विषय होता: ‘२०५० साली इर्विन पुलापाशी पाणी किती फूट?’ सांगलीकराला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पावसाळ्यात कृष्णेची पातळी तिथे मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती. प्रश्न भविष्यकाळातला असला तरी ऐकणाऱ्याच्या मनात आपल्या घराच्या भिंतीवरची पाण्याची रेघ असते.

चौघांत होते निवृत्त अभियंता, कोल्हापूरची एक तरुण लेखिका, अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी आणि पलूस तालुक्यातले एक शेतकरी वाचक. चर्चा विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिका चालवणार होत्या. शेतकरी आबा ऐनवेळी आले होते. आधी ठरलेल्या एकाने दोन दिवस राहिले असताना माघार घेतली आणि त्यांच्या जागी आबांना विचारले. एकत्र फोन तोवर होऊन गेला होता. आबा आणि अभियंता आधी एकमेकांशी कधीच बोलले नव्हते. पुढे जे झाले त्याचे कारण मला यातच दिसते.

पहिली पंधरा मिनिटे छान गेली. मग अभियंत्यांनी २०१९ च्या पुरानंतर शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीचा दाखला दिला, की समितीने त्या पुराला कृष्णेवरचे, सांगलीच्या खालच्या अंगाला कर्नाटकात असलेले अलमट्टी धरण जबाबदार धरलेले नाही. आबा शांतपणे म्हणाले, “साहेब, अहवाल लिहिणाऱ्याच्या सोप्यात पाणी आलं नव्हतं.”

सभागृहात टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी अलमट्टीची उंची काढली. धरणाची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आहे, ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याचा कर्नाटकचा बेत आहे, आणि सांगली-कोल्हापुरात हा विषय निघाला की आवाज चढतोच. तिसऱ्या कोणीतरी ब्रह्मनाळच्या बोटीचा उल्लेख केला. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पुरातून माणसांना बाहेर काढणारी ती बोट उलटली होती. त्यानंतर थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही. अभियंत्यांचा चेहरा उतरला होता. ते कथांबद्दल बोलायला आले होते आणि खात्याच्या वतीने जाब देत बसले होते.

शिक्षिकांपुढे तीन वाटा होत्या. ‘हा आपला विषय नाही’ म्हणून थांबवायचे. पण ज्यांची घरे बुडाली त्यांना हे ऐकवणे क्रूरपणाचे झाले असते. दुसरी वाट, परिसंवाद सोडून देऊन अलमट्टीचा वाद तासभर चालू द्यायचा. तिसरी, दोन्ही धागे हातात धरायचे. त्यांनी पाच-सात मिनिटे कोणालाच अडवले नाही. तिघा-चौघांना बोलू दिले, मग आबांकडे वळल्या.

“आबा, ही गोष्ट तुम्ही लिहायला घेतली, तर धरणाचा दरवाजा उघडायचा निर्णय कुणाच्या हातात द्याल? माणसाच्या का यंत्राच्या?”

आबांनी वेळ घेतला. “दरवाजा कुणीबी उघडू दे. गावाला आधी कळावं, एवढं मी लिहीन. आणि कळलं तर गावानं इश्वास ठेवावा, हे लिहाया लई अवघड जाईल.”

इथून चर्चा पुन्हा उभी राहिली, आणि आधीपेक्षा चांगली. अभियंत्यांनी अहवाल बाजूला ठेवला. कोणत्या तारखेला धरणात किती पाणी ठेवायचे याचे वेळापत्रक असते, पण पाऊस ते वाचत नाही, असे ते म्हणाले. लवकर पाणी सोडले आणि पाऊस आलाच नाही तर उन्हाळ्यात शिव्या, उशिरा सोडले तर पावसाळ्यात. त्या निर्णयाच्या रात्री माणसाला किती भीती वाटते, ते त्यांनी सांगितले. विद्यार्थी म्हणाला, यंत्राला बदलीची भीती नसते, म्हणून ते बरे. लेखिकेने लगेच त्याला अडवले. यंत्राने दोनदा खोटा इशारा दिला की तिसऱ्यांदा कोणी घर सोडणार नाही, तिच्या मते कथा त्या तिसऱ्या रात्रीची आहे. आबांनी मान डोलावली आणि दोन हजार एकोणीसला लोक घर सोडायला का तयार नव्हते ते सांगू लागले: जनावरे, दागिने, आणि ‘पाच सालचा पूर इथपर्यंतच आला होता’ ही खूणगाठ. जुन्या पुराची आठवणच नव्या पुरात माणसाला बुडवते, असे त्यांचे म्हणणे होते. विज्ञानकथेवरच्या चर्चेत भविष्याबद्दल इतके नेमके विधान मी क्वचित ऐकले आहे.

परिणाम

दुपारनंतरही सभागृह भरलेले राहिले. यंत्राने लिहिलेल्या कथेवरचा परिसंवाद ठीक झाला, अनुवादावरचा थोडा रेंगाळला. त्यावर जास्त लिहिण्यासारखे नाही. चिठ्ठ्यांतून आलेल्या प्रश्नांत मुलींचे प्रश्न खूप होते. आदल्या वर्षी माइकवर जवळजवळ पुरुषच बोलले होते. उलट काही ज्येष्ठ श्रोते नाराज झाले, आपला प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे त्यांना रुचले नाही.

मात्र पुराच्या परिसंवादाने दोन माणसे दुखावली, आणि ते लपवून हे प्रकरण पूर्ण होणार नाही. आबांनी नंतर सांगितले की मला गोष्टीकडे वळवलेत ते बरे केलेत, पण माझ्या गावच्या माणसांना वाटले की आमचे म्हणणे गोड बोलून मिटवले. अभियंत्यांनी महिनाभर बैठकीला येणे थांबवले. गटातले दोघे त्यांच्या घरी जाऊन आले. तेव्हा ते म्हणाले, “मला आधी कळलं असतं की समोर कोण बसणार आहे, तर मी अहवालापासून सुरुवात केली नसती.”

पुन्हा करायचे तर

एकत्र फोन झाल्याशिवाय कोणालाही व्यासपीठावर बसवायचे नाही, मग खुर्ची रिकामी राहिली तरी चालेल, असे गटाने आता लिहून ठेवले आहे. तिघांचा परिसंवाद वाईट नसतो. शिक्षिकांनी त्या क्षणी जे केले ते योग्यच होते, पण एका माणसाच्या हजरजबाबीपणावर एवढा भार टाकणे बरोबर नाही. पुढच्या वेळी अशा विषयाला चर्चा चालवणारे दोघे असतील. एक व्यासपीठाकडे पाहील, दुसरा सभागृहाकडे.

माझे स्वतःचे मत याहून थोडे पुढे जाते. ज्या विषयाची जखम श्रोत्यांच्या घरात आहे, त्यात अनुभव सांगायला आधी मोकळी जागा हवी. अर्धा तास ज्यांना बोलायचे त्यांनी बोलावे, उत्तर कोणी देऊ नये, आणि मग थोड्या विश्रांतीनंतर कथेचा परिसंवाद सुरू व्हावा. आबांच्या गावच्या माणसांची तक्रार त्यातून बऱ्याच अंशी मिटली असती. यावर हळद-काकांचा आक्षेप आहे की अर्ध्या तासात हे आवरणार नाही आणि मेळाव्याची सभा होईल. आक्षेप खरा आहे, तरी करून पाहावे असे मला वाटते. गटाने ते मान्य केले आहे.

पुढच्या मेळाव्याला आबा येणार आहेत. त्यांनी अट घातली की समोर तेच अभियंता साहेब हवेत आणि आधीची भेट फोनवर नको, आमच्या गावात व्हावी. साहेबांनी होकार दिला आहे. चिठ्ठी की माइक, हा वाद मात्र मिटलेला नाही. तूर्त एका परिसंवादात चिठ्ठ्या आणि एकात माइक ठेवून, कोणते प्रश्न कुठून येतात ते लिहून काढायचे ठरले आहे. ती वही हळद-काकांकडे असेल.